बुडीआबांचं यकृत का हललं?

माझे आबा म्हणत होते, “म्या श्वास रोखला हुता.” यंत्र म्हणत होतं, “यांचं यकृत हललं.” आबा खोटं बोलत नाहीत आणि यंत्राला खोटं बोलता येत नाही. मग चुकलं कोण? या कोड्यापायी आमचं घर दोन महिने तोंड पाडून बसलं होतं.

आधी आबांविषयी सांगते. त्यांना ओळखल्याशिवाय हे कोडं सुटायचं नाही.

आमचं गाव साताऱ्याकडचं, पिंपळसोंड. गावात पायऱ्यांची मोठी विहीर आहे. माझ्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, नाव हणमंतराव शेडगे, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत. गाव त्यांना बुडीआबा म्हणतं. विहिरीत पडलेली कळशी, मोटारीचा पाना, एकदा तर एका नवरदेवाची अंगठी त्यांनी बुडी मारून तळातून काढून दिली. तरुणपणी ते दोन मिनिटं पाण्याखाली राहायचे, असं लोक सांगतात. आबा स्वतः सांगतात तेव्हा त्याची तीन मिनिटं होतात.

गेली पन्नास वर्षं दर उन्हाळ्यात ते पोरांना पोहायला शिकवतात. आता बाजारात स्वतःहून फुगणारी आणि घाबरलेल्या पोराला धीर देणारी बोलकी जाकिटं मिळतात. आबांना ती चालत नाहीत. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि पाण्यात उतरायचं. मग एक दिवस आबा स्वतःच्या हाताने भोपळा सोडतात. ज्याचा भोपळा सुटला तो पोहणारा झाला. माझा भोपळा या उन्हाळ्यात सुटायचा होता.

पण फाल्गुनात आबांचं पोट दुखलं. दुखणं साधं अपचनाचं निघालं. सोनोग्राफीत मात्र डॉक्टरांना यकृतावर (पोटात उजवीकडे बरगड्यांखाली असलेला, रक्तातले पदार्थ निवडून-पाखडून घेणारा मोठा अवयव) लिंबाएवढा डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, “हा डाग साधा असला तर काहीच करायचं नाही. वाईट असला तर लवकर शस्त्रक्रिया करायची. सोनोग्राफीत ते ठरत नाही. सुई घालून तुकडा काढून बघता येईल, पण डाग रक्तवाहिन्यांचा असला तर आत रक्तस्राव व्हायची भीती. त्यापेक्षा एमआरआयचं स्वच्छ चित्र काढू.”

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तीनदा चित्र काढलं. तिन्ही वेळा अस्पष्ट आलं. अहवालात एक ओळ होती, ‘रुग्णाने श्वास रोखण्यास सहकार्य केले नाही.’

आबांनी तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि विहिरीवर जायचं बंद केलं. अर्ध्या तालुक्याला ज्यांनी श्वास धरायला शिकवलं, त्यांना आता कागदावर लिहून मिळालं होतं की यांना श्वास धरता येत नाही. भोपळा खुंटीवर लटकत राहिला. पोरं दारात येऊन बघून जायची. मला त्या डागाची भीती वाटायचीच, पण गप्प बसलेल्या आबांची जास्त वाटायची.

मे महिन्यात शाळेच्या मैदानात फिरत्या एमआरआयची लांबलचक गाडी येऊन उभी राहिली. आई आबांना म्हणाली, “चला की, दारात आलीय गाडी.” आबा म्हणाले, “पुन्ना नापास व्हायला?” शेवटी मी त्यांचा हात धरून ओढलंच. माझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

गाडीच्या दारात एक लाकडी बाहुली उभी होती. माझ्या कमरेएवढी, लाल-पिवळ्या रंगाची आणि चाकांवर चालणारी.

“नमस्कार. मी ठकी. हे यंत्र मी चालवते,” बाहुली म्हणाली. “खिशात किल्ली, नाणं, पिन असलं तर बाहेर ठेवा. आतलं चुंबक फार हावरट आहे. लोखंड दिसलं की ओढून घेतं.”

“म्हणून तू लाकडाची?” मी विचारलं.

“लाकूड, काच आणि थोडं प्लॅस्टिक. माझ्यात खिळा एकही नाही.”

गाडीतल्या डॉक्टर म्हणजे नसीमा मुजावर, मिरजेच्या. पोटातल्या अवयवांची चित्रं लवकर कशी काढायची, यावर त्या बारा वर्षं संशोधन करत होत्या. त्यांनी आबांचा जुना अहवाल वाचला, पुन्हा घडी घालून परत दिला आणि एवढंच म्हणाल्या, “आबा, एकदा माझ्यासमोर करून बघू या.”

आबा यंत्राच्या बोगद्यात आडवे झाले. मी, आई आणि मॅडम काचेच्या अलीकडे बसलो. ठकीने सांगितलं, “श्वास घ्या... रोखा!” यंत्र ठकठक-घूं करू लागलं. काचेतून मला आबांचा चेहरा नीट दिसत होता. डोळे मिटलेले, ओठ जेमतेम मिटलेले, चेहरा शांत. विहिरीत बुडी मारताना असतो अगदी तसा. पंधरा सेकंद झाली आणि चित्र आलं.

अस्पष्टच होतं. यकृताची कड पुसट झाली होती, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखी.

मला रडूच आलं. मॅडम मात्र पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. “गंमत आहे,” त्या म्हणाल्या. “मध्येच श्वास घेतला असता तर यकृत वरखाली झालं असतं. हे फक्त एकाच बाजूला सरकलंय. हळूहळू, वरच्या दिशेला.”

“पण मॅडम, यकृत श्वासाबरोबर हलतंच का? श्वास तर छातीत असतो.”

“छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल (श्वास घेताना खाली जाणारा आणि सोडताना वर येणारा पडदा). यकृत त्याला खालून चिकटून बसलेलं. पडदा खाली गेला की यकृत खाली, वर आला की वर. दिवसभर त्याचा असा दोन बोटांचा झोका चाललेला असतो.”

“मग पटकन फोटो काढायचा ना! मोबाइल काढतो तसा.”

“तिथेच तर घोडं अडतं,” मॅडम हसल्या. “एमआरआय फोटो काढत नाही, मापं गोळा करतो. आपल्या अंगात पाणी किती? अर्ध्याहून जास्त. त्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. मोठ्या चुंबकात ते एका दिशेने कलतात. मग यंत्र रेडिओलहरींनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, आकाशवाणी आणणाऱ्या लहरींनी) त्यांना हलकासा धक्का देतं. ते परत जागेवर येताना बारीक संदेश पाठवतात. असे शेकडो संदेश एकामागून एक ऐकायचे आणि त्यांतून गणित करून चित्र बनवायचं. ठकी, दाखव गं हिला.”

ठकीने कागद माझ्या हातात दिला, लाकडी बोटांत पेन धरलं आणि ती पिंपळाचं पान काढायला लागली. पण आपण काढतो तसं नाही. वरून खाली, एकेक आडवी रेघ.

“आता कागद हळूहळू वर सरकव,” मॅडम म्हणाल्या.

मी सरकवला. ठकीचं काम संपलं तेव्हा पानाचं पान राहिलं नव्हतं. लांबट, वितळलेलं काहीतरी झालं होतं. ठकीचा हात अजिबात चुकला नव्हता. मीही कागदाला झटका दिला नव्हता. नुसता हळूहळू सरकवला होता, एकाच दिशेला.

एकाच दिशेला, हळूहळू.

“मॅडम!” मी खुर्चीवरून उठलेच. “आबा बुडबुडे सोडतायत!”

“काय?”

मी धापा टाकत सांगितलं. आबांच्या शाळेतला पहिला धडा तोच असतो. बुडी मारल्यावर श्वास कोंडून ठेवायचा नाही. कोंडलेला श्वास माणसाला घाबरवतो. ओठांच्या फटीतून एकेक बुडबुडा सोडत राहायचा म्हणजे मन शांत राहतं. पोरं पाण्यात असली की आबा पायरीवर बसून बुडबुडे मोजतात. बुडबुडे येतायत तोवर पोरगं ठीक आहे!

मॅडमनी बोगद्यात ऐकू जाणाऱ्या माइकवरून विचारलं, “आबा, श्वास रोखल्यावर थोडी थोडी हवा सोडता का?”

आतून उत्तर आलं, “सोडणारच की! इतकी वर्सं तेच शिकवलं पोरास्नी. ह्यालाच रोखनं म्हनत्यात न्हवं?”

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्या खळखळून हसल्या. आबांचा श्वास थेंबाथेंबाने सुटत होता, पडदा वर येत होता आणि यकृत त्याच्याबरोबर वर जात होतं. आबा खरं बोलत होते आणि यंत्रही. पाण्यातलं रोखणं वेगळं आणि यंत्रातलं वेगळं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. पण आबांनी एकही बुडबुडा न सोडता श्वास धरून पाहिला तर सहाव्या सेकंदाला ठसका लागला. दुसऱ्यांदा पाचव्याला लागला. बाहेर येऊन ते बाकावर बसले. “न्हाय जमत, बाईसाहेब,” ते म्हणाले. “सत्तरी झाली. आता छातीत तेवढी जागा न्हाय ऱ्हायली.” एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसलं. मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून बसले.

मॅडम त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. “आबा, श्वास रोखायचाच नाही. तुम्ही आपले मोकळेपणी श्वास घ्या. झोप लागली तरी चालेल. तुमच्या श्वासाला यंत्रापुढे उभं करण्यापेक्षा यंत्राला तुमच्या श्वासाप्रमाणे चालवू. मी ही गाडी त्याचसाठी घेऊन फिरते.”

“पण मग यकृत हलेल ना?” मी विचारलं.

“हलू दे. विहिरीला पायऱ्या किती?”

“बावीस.”

“आपण श्वासाच्या चारच पायऱ्या करू. पूर्ण भरलेला, अर्ध्याहून जास्त, अर्ध्याहून कमी आणि रिकामा. ठकी हजारो मापं घेईल. प्रत्येक माप सायकलच्या चाकाच्या आऱ्यासारखं असतं, दर वेळी वेगळ्या कोनात, पण जाणारं मधूनच. त्या मधल्या ठिकाणी पोटाचा ढोबळ आकार सापडतो, आणि तो श्वासाबरोबर बदलत असतो. म्हणजे हे माप घेताना श्वास कोणत्या पायरीवर होता, ते त्या मापातच कळतं. मग ठकी चार ढीग करते. पहिल्या पायरीचे आरे पहिल्या ढिगात, दुसरीचे दुसऱ्यात.”

मी विचार केला. म्हणजे एका ढिगातली सगळी मापं यकृत एकाच जागी असतानाची! त्या ढिगापुरतं ते हललेलंच नाही. मला हे इतकं आवडलं की मी टाळी वाजवली. मग दुसरी शंका आली.

“पण चार ढीग केले तर प्रत्येकात मापं कमी पडतील.”

“शाब्बास. पडतातच. त्यात आबांच्या शिरेतून आपण एक औषध देणार आहोत. त्याने रक्त चित्रात उजळ दिसतं. ते डागात कसं शिरतं हे बघायचं तर दर काही सेकंदांनी नवं चित्र हवं. म्हणजे मापं आणखी कमी, दहातलं जेमतेम एक. उरलेलं गणिताने भरायचं. बसायला घरी चौकड्यांची सतरंजी आहे का? तिचे थोडेच चौकोन दिसले तरी बाकीची कशी असेल ते सांगशील ना? शरीराच्या चित्रातही अशी शिस्त असते. बराचसा भाग सारखा आणि मध्ये मोजक्या कडा. त्या शिस्तीच्या आधाराने चित्र पुरं करायचं. याला संक्षिप्त मापन (थोड्या मापांतून पूर्ण चित्र मिळवण्याची रीत) म्हणतात.”

मला ते पटेना. “मॅडम, सतरंजीवर डाग पडला असेल तर? डाग चौकड्यांच्या शिस्तीत बसत नाही. तुम्ही डाग पुसून टाकाल आणि म्हणाल, आबा ठणठणीत!”

आई मला गप्प करायला उठली. मॅडमनी तिला हाताने थांबवलं.

“बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळ मी याच प्रश्नावर घालवलाय,” त्या म्हणाल्या. “ऐक. सतरंजीचे तुकडे पाहिले तर डाग निसटू शकतो. पण आरा म्हणजे चित्राचा तुकडा नाही. प्रत्येक आऱ्यात अख्ख्या पोटाचा थोडा थोडा आवाज असतो. म्हणून डाग असला तर तो प्रत्येक आऱ्यात थोडा तरी बोलतोच. ठकीला नियम घालून दिलाय. चित्र पुरं झालं की उलट गणित करायचं. या चित्रातून तीच मापं निघतात का, जी आपण खरोखर घेतली होती? नाही निघाली तर चित्र मोडायचं आणि पुन्हा मांडायचं.”

“पन्नास-शंभर वेळा मोडते मी,” ठकी म्हणाली. “मला कंटाळा येत नाही.”

“आणि मापं फारच कमी झाली तर बारीक गोष्ट खरंच निसटते,” मॅडम पुढे म्हणाल्या. “म्हणून किती कमी चालतील याची हद्द ठरलेली आहे. ती मी ओलांडत नाही.”

आबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “म्हंजे ठाव लागंस्तवर बुड्या मारत ऱ्हायचं. नुसतं वरनं बघून सांगायचं न्हाय.”

“अगदी तसंच, आबा.”

आबा पुन्हा आत गेले. या वेळी पोटावर एक मऊ चादर घातली. तिच्यात संदेश ऐकणारे तीस छोटे कान शिवलेले होते. प्रत्येक कान आपल्या जवळचं जास्त मोठ्याने ऐकतो, त्यामुळेही मापं कमी घ्यावी लागतात, असं ठकीने सांगितलं. गाडीतल्या परिचारिकेने आबांच्या हाताच्या शिरेत औषधाची नळी लावली. यंत्र ठकठकू लागलं. सहा मिनिटं मी काचेला नाक लावून उभी होते. आबांचं पोट आरामात वर येत होतं, खाली जात होतं. त्यांनी श्वासाशी भांडण करायचं सोडलं होतं. पाचव्या मिनिटाला ते चक्क घोरायला लागले.

मग पडद्यावर चित्रं आली. यकृताची कड अशी स्वच्छ की चाकूने कापल्यासारखी. मध्ये तो डाग. मॅडम एकेक चित्र पुढे सरकवत होत्या. पहिल्या चित्रात डाग काळा होता. पुढच्यात त्याच्या कडेला उजेडाचे दोन-तीन ठिपके दिसले. मग ते ठिपके वाढत वाढत आत सरकले. शेवटच्या चित्रात डाग भरून गेला होता.

मॅडम उठल्या. त्यांनी आतल्या आबांना जागं करून बाहेर आणलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चित्रं पुन्हा पहिल्यापासून दाखवली. “आबा, काय दिसतं सांगा.”

आबा वाकून बघत राहिले. “हीर भरतीया,” ते म्हणाले. “कडंला झरं फुटल्यात, आन् पानी मधी येतंय.”

“बरोबर. वाईट गाठ सहसा अशी भरत नाही. हा बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे. कित्येकांच्या यकृतात असतो, त्यांना आयुष्यभर कळतही नाही. सुई नको आणि शस्त्रक्रियाही नको. दिवाळीनंतर मी पुन्हा येईन, तेव्हा एकदा बघू.”

आई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मी आबांच्या गळ्यात पडले. आबा माझ्या पाठीवर नुसते थोपटत राहिले.

थोड्या वेळाने मॅडमनी छापलेला अहवाल त्यांच्या हातात दिला. आबांनी आधी डागाचं वाचलंच नाही. बोट ठेवत ठेवत ते खाली शेवटच्या ओळीवर गेले. तिथे लिहिलं होतं, ‘रुग्णाने मोकळा श्वास घेतला. सहकार्य उत्तम.’ ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. मग खिशातला जुना कागद काढला.

“ह्यो खोटा म्हनायचा का?”

“खोटा नाही, आबा. अपुरा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला नीट विचारायचं राहून गेलं, एवढंच.”

गाडी निघण्यापूर्वी मी मॅडमना विचारलं की आता पुढे काय शोधणार. त्या म्हणाल्या, “तान्ह्या बाळांना श्वास रोख म्हणून सांगता येत नाही. आज बऱ्याचदा त्यांना औषधाने झोपवून चित्र काढावं लागतं. उद्या आईच्या कुशीत दूध पिता पिता काढता आलं पाहिजे. त्यासाठी शंका काढणारी माणसं लागतील. मोठी झालीस की ये मिरजेला.” ठकीने माझ्याशी लाकडी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरचा भोपळा खाली आला. विहिरीवर बारा-तेरा पोरं आधीच येऊन बसली होती. बातमी त्यांना कुणी दिली देव जाणे. पाठीला भोपळा बांधून मी खालून चौथ्या पायरीवरून पाण्यात उतरले. आबांनी पाठीवरची दोरी सोडली. मला क्षणभर खूप हलकं वाटलं आणि खूप भीती वाटली.

“श्वास कोंडू नगंस,” आबा म्हणाले. “म्या मोजतोय.”

मी बुडी मारली. पाण्याखाली हिरवा उजेड होता. ओठांच्या फटीतून मी एक बुडबुडा सोडला, मग दुसरा. आत्ता माझंही यकृत हळूहळू वर सरकत असेल, हे आठवून मला पाण्यातच हसू आलं आणि सगळे बुडबुडे एकदम सुटले. मी हातपाय मारत वर आले, तर शेजारीच धप्पकन आवाज झाला. एकदम एवढे बुडबुडे आलेले बघून आबांनी सदऱ्यासकट उडी टाकली होती!

“आबा, मी ठीक आहे! हसले फक्त!”

“मग सांगून हसावं मान्सानं!” आबा पाणी निथळत म्हणाले. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी खिशात हात घातला. नव्या अहवालाचा लगदा झाला होता.

“ठकीकडे नक्कल आहे,” मी घाईघाईने म्हणाले. “आपण दुसरा मागवू.”

आबांनी तो लगदा पायरीवर ठेवला आणि पाण्यात उताणे होऊन हातपाय पसरले. त्यांचं पोट आरामात वर येत होतं, खाली जात होतं.

“कशाला मागवायचा?” ते म्हणाले. “पाठ हाय मला. रुग्नानं मोकळा श्वास घेतला. सहकार्य उत्तम.”